नानांच्या गच्चीवरची उलटी वीज

रत्नागिरी मला वरून जास्त ओळखीची आहे. खालून चालताना मी अजूनही एखाद्या गल्लीत चुकते. पण कुणाची टाकी गळते, कुणाच्या पत्र्यावर आमसुलं वाळतात आणि माकडं कुठल्या बाजूने येतात, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. आयुष्यभर वायरिंगची कामं केली, शेवटची काही वर्षं सोलरची. आता गुडघ्यांनी शिडीला नकार दिला आहे, म्हणून खाली बसून लिहिते आहे.

पहिल्या भेटीत गिऱ्हाईक माझ्या खांद्यावरून मागे बघायचं आणि विचारायचं, “साहेब येतायत का मागून?” मागून इक्बाल येत असायचा. मी इक्बालकडे बोट दाखवायची, इक्बाल माझ्याकडे बोट दाखवायचा, आणि कामाला सुरुवात व्हायची. इक्बाल माझा फिटर. राजिवड्याचा, माझ्याच वयाचा, बोलायला कंजूष. माझं निम्मं आयुष्य त्याच्याबरोबर गच्च्यांवर गेलं आणि त्यात त्याने जेमतेम एका रिक्षाच्या प्रवासाइतकं बोलणं केलं असेल.

सोलरची गिऱ्हाइकं म्हणजे वेगळीच जात. गुहागरचे एक बागायतदार सगळं समजावून घेतल्यावर हळूच म्हणाले, “पौर्णिमेला थोडी तरी होईल ना हो वीज?” एका बाईंनी प्लेटा बसवल्या आणि महिन्याभरात तक्रार केली की वीज येत नाही. जाऊन बघते तर सगळ्या प्लेटांवर आंबापोळी वाळत घातलेली. “तापतं छान,” बाई म्हणाल्या. मी त्यांना समजावलं. त्यांनी मला आंबापोळी दिली. चांगली होती.

पण मला सांगायचं आहे ते नाना सुर्व्यांचं.

नाना जन्मभर बोटीवर होते. खलाशी म्हणून चढले आणि बोसन, म्हणजे खलाशांचे मुकादम, होऊन उतरले. बोटीच्या कमाईतून त्यांनी भर वस्तीत तीन मजली इमारत बांधली. तळाला कुंदाकाकीची पिठाची गिरण, पहिल्या मजल्यावर दातांचा डॉक्टर आणि कॉम्प्युटरचा क्लास, वर साखरपुडे-बारशांसाठी छोटा हॉल आणि त्याला लागून स्वयंपाकघर. गिरण, लिफ्ट, पाण्याचा पंप आणि स्वयंपाकघरातला धूर बाहेर फेकणारा दांडगा पंखा, या सगळ्यांसाठी इमारतीत थ्री फेज वीज घेतलेली.

थ्री फेज म्हणजे काय, ते सोपं आहे. जात्याभोवती तीन माणसं बसली आहेत असं समजा. पहिला खुंटा ओढतो आणि दुसऱ्याकडे देतो, दुसरा तिसऱ्याकडे, तिसरा परत पहिल्याकडे. जातं फिरत राहतं. थ्री फेजच्या तीन तारा मोटरीला अशाच आळीपाळीने ओढतात. आता त्यातल्या कुठल्याही दोघांनी आपापल्या जागा बदलल्या, तर जातं उलटं फिरायला लागेल. जोर तेवढाच, दिशा उलट. एवढं लक्षात ठेवलंत की पुरे. त्या दिवशी तेवढं कुणीही लक्षात ठेवलं नव्हतं.

नानांनी सोलरचा विचार करण्यात एक पावसाळा घालवला, दुसरा पावसाळा माझ्यावर संशय घेण्यात. मग एकदाचं बसवलं. मी त्यांना सांगितलं होतं, “नाना, प्लेटांवर तयार झालेली वीज आधी तुमच्या इमारतीत वापरली जाईल. उरेल ती लाइनीत बाहेर जाईल. मीटर दोन्हीची नोंद ठेवील.”

“म्हणजे आपली वीज उलटी जाते!” नाना म्हणाले.

“बाहेर जाते, नाना.”

“तेच गो. उलटी.”

हा शब्द त्यांना इतका आवडला की तो त्यांनी न्हाव्याकडे, बँकेत, देवळात आणि मच्छीबाजारात सांगितला. आख्ख्या गल्लीला ठाऊक झालं की नानांची वीज उलटी जाते. महिनाभर सगळं मजेत चाललं. येईल त्याला नाना गच्चीवर नेऊन प्लेटा दाखवायचे, बोटीवरून आणलेलं सामान दाखवावं तसे.

मग वैशाखात एका संध्याकाळी वारं सुटलं आणि गल्लीच्या तोंडाशी, ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला, फणसाची फांदी तारांवर पडली. तारा तुटल्या. लाइनमन आले, अंधार पडता पडता त्यांनी घाईने तारा जोडल्या, वीज आली, लोक झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत होते, तेवढ्यात नानांचा फोन.

“गो सरोज, तुझा सूर्य उलटा फिरतोय. असशील तशी ये.”

मी आणि इक्बाल पोचलो तेव्हा नाना गच्चीवर होते. डेकोरेटरची दोन माणसं सोलरच्या प्लेटांवर मांडवाचं लाल मखमली कापड अंथरत होती आणि नाना त्यांना कोपऱ्यांना गाठी कशा मारायच्या ते दाखवत होते.

“हे काय, नाना?”

“सूर्य बंद करतोय.”

“बंद करायला खटका आहे त्याला.”

“खटक्यावर माझा विश्वास नाय. खाली जाऊन बघ जरा.”

खाली गेले. कुंदाकाकी गिरणीच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती, अंगभर पीठ. “बाय माजे, गिरण उलटी फिरतेय. मी लगेच बंद केली म्हणून बरं. तांदूळ निसते भरडून पडले. घावनाचं पीठ मागतात लोकं, त्यांना काय कण्या देऊ?”

पंप घरघरत होता, पण टाकीत पाणी चढत नव्हतं. लिफ्ट तर जागची हलायलाच तयार नव्हती. तारांचा क्रम चुकला की लिफ्ट आपणहून थांबते, तशी तिची रचनाच असते.

“ताई,” इक्बाल म्हणाला, “बिल्डिंगमध्ये शहाणी एकटी लिफ्ट.”

मला एका क्षणात कळलं काय झालंय ते. तारा जोडताना दोन तारांची अदलाबदल झाली होती. माझ्या सोलरचा त्यात काडीचा संबंध नव्हता. पण खरी पंचाईत वरच्या मजल्यावर होती.

वर साखरपुडा होता. मुलगी इथलीच, मुलाकडचे पुण्याचे. आणि स्वयंपाकघरातला तो दांडगा पंखा, ज्याने आतला धूर बाहेर फेकायचा, तो बाहेरची हवा आत ओढत होता. बाहेर म्हणजे इमारतीच्या मागे, पंख्याच्या अगदी तोंडासमोर, सुक्या मासळीचं गोदाम. वैशाख म्हणजे पावसाळ्याची बेगमी. गोदाम सोडे, सुकट, बोंबील आणि बांगड्यांनी छतापर्यंत भरलेलं. तो सगळा वास पंखा चाकरी केल्यासारखा मन लावून आत आणत होता, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, हॉलमधून पुण्याच्या पाहुण्यांच्या शालूंमध्ये.

मुलीचे वडील जिन्यातच भेटले. शाळेत क्लार्क होते, सज्जन माणूस. सोवळं नेसून घामाघूम झालेले. “बाई, काहीतरी करा हो. विहीणबाई म्हणतायत, आत मासळी शिजतेय. आमच्याकडे मासळी तर सोडाच, आज कांदासुद्धा नाही! त्यांच्या घरी अंडं चालत नाही. त्या बॅगा गाडीत ठेवायला सांगतायत.”

“पंखा बंद करा ना!”

“केला. तर चुलीचा धूर कोंडला. आचारी म्हणतो, पंखा नाही तर मी नाही.”

पंखा चालला तर सोयरीक जाणार, बंद केला तर जेवण. मी नानांना गच्चीवरून खाली स्वयंपाकघरात बोलावलं, त्यांच्यासमोर सोलरचा खटका पाडला आणि म्हटलं, “हा झाला सूर्य बंद. आता पंखा कसा फिरतो बघा.”

पंखा उलटाच फिरत होता.

“बघितलंत? सोलरचा संबंध नाही.”

नानांनी विचार केला. “तारांत उरली असेल थोडी. बोटीचं इंजिन बंद केलं तरी बोट पुढे जातेच की मैलभर.”

मग मी पिशवीतून माझं छोटं यंत्र काढलं. तीन चिमटे तीन तारांना लावले की त्यातली चकती फिरते. क्रम बरोबर असेल तर उजवीकडे, चुकला असेल तर डावीकडे. मी ते थेट लाइनीवर लावलं. चकती डावीकडे फिरली.

“हे बघा, नाना. बाहेरूनच उलटं येतंय.”

नाना हळहळले. “अरेरे. तुझं यंत्रपण बिघडवलंन गो त्यानं.”

एवढ्यात समोरच्या वखारीचे पावसकर जिना चढून आले. अंगावर भुसा, हातात तुटलेला लाकडाचा तुकडा. त्यांची करवत उलटी फिरत होती. मला इतका आनंद झाला की मी त्यांना मिठी मारायचीच बाकी ठेवली. “ऐका, नाना! पावसकरांकडे सोलर नाही. तरी त्यांची करवत उलटी. म्हणजे लाइनीतच घोळ आहे.”

 पावसकर नानांकडे वळले. “नाना, तुमची उरलेली वीज लाइनीत जाते ना?”

“जाते,” नाना अभिमानाने म्हणाले.

“उलटी?”

“उलटी.”

“मग ती माझ्या करवतीत शिरली.”

मी इतकी वर्षं विजेत काढली. पण त्या तर्काची एकही कडी निसटलेली नव्हती. घटकाभरात गल्लीतला उसाचा रसवाला, मसाला कुटायच्या डंखावरचा माणूस आणि काही कारण नसलेले पाच-सहा जण जिन्यात जमले. नानांची उलटी वीज गल्लीत पसरली आहे, ती घराघरात जाण्याआधी प्लेटा उतरवा, असा एकमुखी ठराव झाला. उसाच्या रसवाल्याचं यंत्र तर डिझेलवर चालत होतं. तो पुढारी होता.

साखरपुड्याचे गुरुजी हा गोंगाट ऐकून बाहेर आले. त्यांनी गच्चीकडे बघितलं. “प्लेटांचं तोंड कुठल्या दिशेला?”

“दक्षिणेला, गुरुजी. आपल्याकडे सूर्य बहुतेक काळ दक्षिणेकडून जातो, म्हणून...”

“दक्षिण?” गुरुजींनी डोळे मिटले. “यमाची दिशा. बाई, सुरुवातच चुकली की तुमची.”

जमावात कुजबुज झाली. नानांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी जाणूनबुजून यमाला घर दाखवलं होतं.

“पूर्वेला वळवता येतील काय गो?” त्यांनी हळूच विचारलं.

मला रडू यायला लागलं होतं. माझ्या पुढच्या तीन कामांची बोलणी याच गल्लीत चालली होती. पण सगळ्यात वाईट म्हणजे मी बरोबर होते आणि त्याचा काही उपयोग नव्हता. मुलीचे वडील कोपऱ्यात उभे राहून नुसते उपरणं पिळत होते. त्यांच्यामागे दारात मुलगी उभी, हिरव्या साडीत, डोळ्यांतलं काजळ सावरत. तिला बघितलं आणि मी वाद घालणं सोडलं.

खांबावरच्या तारांना मी हात लावू शकत नाही. ते काम लाइनमनचंच. पण मीटरच्या अलीकडे, इमारतीच्या मेन स्विचवर, दोन तारांची अदलाबदल करणं माझ्या हातात होतं. बाहेर एकदा उलटं झालंय, आत आपण आणखी एकदा उलटं करायचं. दोन्ही मिळून सुलट. इक्बालने मेन पाडला, मी दोन तारा बदलल्या, मेन चढवला.

पंखा थांबला, आणि हळूहळू योग्य बाजूने फिरायला लागला. वास ओसरला. अळूच्या भाजीचा आणि आमरसाचा वास हॉलमध्ये आला. लिफ्टसुद्धा वर आली. कुंदाकाकीने खालून हाक मारली, “फिरली गं बाय माजी!”

“काय केलंस?” नानांनी विचारलं.

“दोन तारा बदलल्या.”

“आणि कापड?”

“कापड काढा आता.”

नाना मान हलवत म्हणाले, “राहू दे. कापडानेच गुण आलाय.”

मी लाइनमनला फोन केला. “खांबावर दोन तारा उलट्या जोडल्या गेल्यात. त्या बदलाल तेव्हा आधी मला कळवा. मी इथे तात्पुरतं बदललंय.” तो म्हणाला, “हो बाई, जेवून निघतोच.”

विहीणबाईंनी बॅगा परत वर आणवल्या. विधी सुरू झाला. मला, नानांना आणि इक्बालला मुलीच्या वडिलांनी हट्टाने हॉलच्या कोपऱ्यात आधीच जेवायला बसवलं. मुलीने अंगठी उचलली, आणि वीज गेली. लाइनमन आला होता. मला न कळवता खांबावर चढला होता.

हॉलमध्ये अंधार नव्हता, भर दुपार होती, पण पंखे थांबले आणि पन्नास माणसं एकदम माझ्याकडे वळली. बाहेर रणरणतं ऊन. मुलाच्या काकांनी खिडकीकडे बोट दाखवून विचारलं, “सोलर आहे ना? ऊन आहे ना? मग?”

हा प्रश्न मला प्रत्येक गच्चीवर विचारला गेला आहे. बॅटरी नसलेलं सोलर, लाइन गेली की आपोआप गप्प बसतं. मुद्दामच तसं केलेलं असतं. नाहीतर वरून आपली वीज तारांत जात राहील आणि खांबावर चढलेला माणूस मरेल. मी काकांना तसं सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे वीज असताना वीज देतं, नसताना देत नाही. वा.” शेजारी बसलेल्या नानांनी मान खाली घातली. पण वर एक माणूस खांबावर होता आणि त्याला काही होणार नव्हतं, म्हणून मी भात कालवत राहिले.

घामाने थबथबलेल्या बोटांत अंगठ्या घातल्या गेल्या. टाळ्या वाजल्या. आणि वीज आली.

मी हातातला घास खाली ठेवला. खांबावरचं आता सुलट झालं होतं. म्हणजे मी केलेली अदलाबदल उलटी ठरली होती. गल्ली सुलट आणि एकटी नानांची इमारत उलटी. खालून पावसकरांची करवत सुरेल आवाजात चालू झाल्याचं ऐकू आलं, आणि स्वयंपाकघरातून तो वास पुन्हा आला. या वेळी जास्तच. गोदामवाल्याने दुपारच्या उन्हात सोडे पसरायला काढले असावेत.

मी आणि इक्बाल उष्ट्या हातांनी उठून धावलो. नानांच्या हट्टाने मेन स्विच वरच, स्वयंपाकघराच्या मागच्या बोळकांडीत बसवलेला होता. तिथे जाताना बघितलं, पंख्यासमोर एक माणूस उभा होता. मुलाचे वडील. सकाळपासून त्यांच्या तोंडून एक शब्द मी ऐकला नव्हता. डोक्यावरची पगडी काढून हातात घेतली होती, डोळे मिटले होते आणि ते दीर्घ श्वास घेत होते.

“सरका जरा, पंखा बंद करायचाय,” मी म्हटलं.

“बंद करू नका,” ते डोळे न उघडता म्हणाले. “थोडा वेळ.”

मी थांबले.

“हे सोडेच ना?”

“हो.”

“वाटलंच. माझे वडील हर्णैला मास्तर होते. शेजारी एक आजी होत्या, शाळेतून आलो की सोड्यांची खिचडी द्यायच्या. घरी कळलं असतं तर मार पडला असता. कळलं नाही. मग आमची बदली झाली.” त्यांनी आणखी एक श्वास घेतला. “लग्नानंतर कधी विषयच निघाला नाही. कसा निघणार?”

इक्बाल मेनच्या खटक्यावर हात ठेवून उभा होता. “ताई, पाडू?”

“थांब जरा,” मी म्हटलं.

आम्ही तिघंही तसेच उभे राहिलो. पंखा माझ्या धंद्याची अब्रू धुळीला मिळवत घोंघावत होता आणि तो गृहस्थ त्याच्यासमोर देवळात उभं राहावं तसा उभा होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते धुराचं असेलही.

मग हॉलमधून विहीणबाईंचा आवाज आला. “अहो! कुठे गेलात? आणि हा वास पुन्हा कसला?” पाठोपाठ त्या स्वतःच दारात आल्या, नाकाला पदर लावून. त्यांच्यामागे मुलीचे वडील, चेहरा पांढराफटक. त्यांच्यामागे नाना, गुरुजी आणि, कसं कोण जाणे, उसाचा रसवाला.

“मी सकाळीच म्हटलं होतं,” विहीणबाई म्हणाल्या. “ही मासळीच आहे. तुम्हाला येतोय ना वास?”

मुलाच्या वडिलांनी पगडी डोक्यावर चढवली. ती जरा वाकडी बसली. “मासळी?” ते शांतपणे म्हणाले. “मला कुठे ठाऊक मासळीचा वास कसा असतो? ही वायर जळतेय गं. निकृष्ट वायरिंग. या बाईंना विचार हवं तर.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सकाळपासून मी एका गोष्टीसाठी भांडत होते, माझ्या कामात दोष नाही. यंत्र लावून दाखवलं होतं, खटका पाडून दाखवला होता, यमापर्यंत वाद घातला होता. इक्बालने माझ्याकडे बघितलं नाही. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मुलीचे वडील पुन्हा उपरणं पिळायला लागले होते. विहीणबाई पदर नाकाशी धरून वाट बघत होत्या. आणि मुलाचे वडील, वाकड्या पगडीखालून, माझ्याकडे बघत होते.

“हो,” मी म्हटलं. “वायरिंगच आहे. माझंच. इन्सुलेशन तापलं की असा वास येतो. आत्ता नीट करते.”

विहीणबाईंनी पदर खाली केला. “मग तसं सांगायचं नाही का सकाळीच?” त्या म्हणाल्या आणि आमरस वाढायला सांगून निघून गेल्या.

नानांनी मागे वळून जिन्यातल्या गर्दीला ओरडून सांगितलं, “मी काय म्हणत होतो! वायरिंग!”

मी स्क्रू ड्रायव्हर काढला. इक्बालने मेन पाडला. पंख्याची पाती सावकाश थांबली, आणि ती पूर्ण थांबेपर्यंत मुलाचे वडील तिथेच उभे होते.